ओले लाकूड आणि सुके लाकूड

पूर्व नागपुरातील लकडगंज या भागाला लाकडाच्या व्यापाराने नाव दिले आणि तो व्यापार आजही तेथे चालू आहे. सेंट्रल अव्हेन्यूवरून आत वळले की लाकडाच्या टाली दिसू लागतात, आरामशिनीचा आवाज कानी पडतो आणि सागवानाच्या भुशाचा वास येतो. आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या काही कुटुंबांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या या टालींवर ओंडके चढविण्या-उतरविण्यात गेल्या आहेत. त्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही एक गोष्ट शिकलो. लाकूड वरून कोरडे दिसले म्हणजे ते सुकलेले असते असे नाही. जाणता माणूस ते उचलून पाहतो, त्यावर बोटाच्या पेराने ठोकतो, आवाज ऐकतो. आतून ओल्या राहिलेल्या फळीचे दार केले तर पहिल्याच उन्हाळ्यात ते वाकते, चौकट चिरते आणि दोष मात्र सुताराच्या माथी येतो.

तथागतांनी आपल्या साधनाकाळाचे वर्णन करताना लाकडाचाच दृष्टान्त दिला आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात, वैशालीच्या महावनात सच्चक नावाच्या निगंठपुत्राशी झालेल्या संवादात तो येतो. एक मनुष्य अरणी घासून अग्नी निर्माण करू पाहतो. पहिल्या वेळी त्याच्याजवळचे लाकूड ओले, चिकाने भरलेले आणि शिवाय पाण्यात पडलेले आहे. दुसऱ्या वेळी ते पाण्यातून काढून दूर कोरड्या जमिनीवर ठेवलेले आहे, परंतु आतून अद्याप ओलेच आहे. तिसऱ्या वेळी लाकूड सुके आहे आणि जमीनही सुकी आहे. पहिल्या दोन्ही प्रसंगी कितीही घासले तरी पदरी केवळ दमणूक येते; तिसऱ्या प्रसंगी अग्नी निघतो. सुत्तात हा दृष्टान्त कामभोगांपासून शरीराने व मनाने अलिप्त होण्याविषयी आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो निराळ्या प्रश्नाकडे वळवीत आहोत, हे प्रारंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

तो प्रश्न असा. मनुष्याला काही करावेसे मनापासून वाटते. त्या मार्गात उघड अडथळा दिसत नाही. तरीही त्याचेच मन त्याला सांगते, ‘हे आपले काम नव्हे.’ हे वाक्य कोठून येते आणि ते घालवायचे कसे?

गेल्या वर्षावासात आमच्या ग्रंथवाचनाच्या वर्गाला बारावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी नियमित येत असे. तिचे वडील टालीवर काम करतात. तिला वकील व्हायचे होते, हे तिच्या आईने सर्वांसमक्ष सांगितले. मग प्रवेशपरीक्षेचा अर्ज का भरला नाही, असे विचारताच तिने खाली पाहून तीन कारणे दिली. आमच्या घरात कोणी शिकलेले नाही. इंग्रजी माझ्या डोक्यात बसत नाही. आणि वकिली हे आपल्यासारख्यांचे काम नाही. तिसरे कारण तिने ज्या भिंतीकडे पाठ करून सांगितले, त्या भिंतीवर बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर होती. तरी वर्गात कोणी हसले नाही. हसणार तरी कोण? उपस्थितांपैकी बहुतेकांनी हे वाक्य आयुष्यात केव्हा ना केव्हा स्वतःशी म्हटलेले होते.

त्या दिवशी आम्ही ग्रंथ मिटून ठेवला आणि तिची तिन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली. यांतील वस्तुस्थिती कोणती आणि दिट्ठी कोणती, एवढाच विचार त्या दिवशी करावयाचे ठरले.

दिट्ठी या पाली शब्दाचा अर्थ आपण सहसा ‘मत’ असा करतो. हा अर्थ अपुरा आहे. मत आपल्याला ठाऊक असते, ते बदलताही येते. दिट्ठी ही पाहण्याची बैठक आहे. आपण तिच्यातून पाहतो, म्हणून ती स्वतः आपल्याला दिसत नाही. ‘मी असाच आहे, माझ्यात बदल संभवत नाही’ असे मानणे हा सक्कायदिट्ठीचाच एक घरगुती प्रकार होय, असे आम्हांस वाटते. पाच स्कंध क्षणोक्षणी बदलत असताना त्यांतील एखादी आजची अवस्था, उदाहरणार्थ आज इंग्रजी वाचता न येणे, हिला ‘मी’ असे नाव देऊन टाकायचे आणि मग त्या नावाशी आयुष्यभर निष्ठा राखायची!

याच संदर्भात आणखी एक मुद्दा फारसा सांगितला जात नाही. मान म्हणजे अहंकार, आणि अहंकार म्हणजे स्वतःला श्रेष्ठ समजणे, अशी आपली समजूत असते. तथागतांच्या देशनेत मान तीन प्रकारचा आहे : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, आणि मी हीन आहे. तिसरा प्रकारही मानच आहे. ज्याला आज आपण न्यूनगंड म्हणतो त्याला तथागतांनी नम्रतेच्या रांगेत बसविलेले नाही. ते एक बंधन म्हणूनच मोजले आहे. आपल्या समाजात ‘आम्ही साधी माणसे, आम्हांला काय कळते’ हे बोलणे सद्गुण समजले जाते. शीलवान उपासकानेही हे बोलणे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

आता ही दिट्ठी येते कोठून? एकट्या त्या मुलीच्या मनात ती उगवली, असे म्हणणे हा मोठा अन्याय होईल. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तित्थायतन सुत्त आहे. त्यात तथागतांनी तीन वाद तपासले आहेत. मनुष्याला जे सुख-दुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वजन्मीच्या कर्माने, असा पहिला वाद. ते सर्व ईश्वराच्या इच्छेने, असा दुसरा. ते सर्व कारणाविना, आपोआप, असा तिसरा. तथागतांनी या तिन्ही वादांवर घेतलेला आक्षेप एकच आहे आणि तो विलक्षण व्यावहारिक आहे. जो असा वाद सार म्हणून धरून बसतो त्याच्या ठिकाणी छंद राहत नाही, वायाम राहत नाही, आणि हे करावे व हे करू नये असा विवेकही उरत नाही. वाद खरा की खोटा हे त्यांनी आकाशाकडे पाहून ठरविले नाही. तो माणसाच्या हातापायांचे काय करतो, हे पाहून ठरविले.

मक्खली गोसालाच्या नियतिवादाविषयी तर त्यांनी केसांच्या कांबळ्याची उपमा दिली. विणलेल्या वस्त्रांत ते सर्वांत निकृष्ट, कारण थंडीत ते थंड आणि उन्हात ते तापते. त्याच सुत्तात अतीत, अनागत आणि विद्यमान बुद्धांना कम्मवादी, किरियवादी आणि विरियवादी म्हटले आहे. कर्म आहे, क्रिया आहे, वीर्य आहे. यांपैकी पहिला शब्द आपल्याकडे इतका प्रसिद्ध झाला की उरलेले दोन झाकले गेले. ‘कर्म’ म्हणताच कपाळावर हात जाणे ही या देशातील पूर्वकर्मवादाची करामत आहे, बुद्धवचनाची नव्हे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात याच जागी बोट ठेवले आहे. मनुष्याची आजची दुःस्थिती त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे असे ठरविले की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू इच्छितो की त्या सिद्धान्ताचा दुसरा परिणाम पीडिताच्या आत होतो. तो स्वतःच स्वतःचा पहारेकरी बनतो. गावाच्या वेशीवर अडविणारा माणूस निघून गेल्यावरही तो वेशीबाहेरच उभा राहतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अलीकडे शहरांतील सभागृहांत पुष्कळ शुल्क घेऊन अशी व्याख्याने दिली जातात की तुमची विचारसरणी बदला, म्हणजे सर्व काही बदलेल. अपयश आले तर समजा की तुमचा विश्वास कमी पडला. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. तो पूर्वकर्मवादाचेच नवे रूप आहे. तेथे दोष मागील जन्मावर ढकलला जात होता, येथे तो मनुष्याच्या आजच्या मनावर ढकलला जातो. समाज मात्र दोन्हीकडे निर्दोष सुटतो. दीघ निकायातील कूटदन्त सुत्त आठवा. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले तेव्हा पुरोहिताने राजा महाविजिताला शिक्षा वाढविण्याचा सल्ला दिला नाही, प्रजेला मनोबलाचा उपदेश करण्याचाही दिला नाही. शेतकऱ्यास बियाणे द्यावे, व्यापाऱ्यास भांडवल द्यावे, सेवकास वेतन द्यावे, असे त्याने सांगितले. लाकूड पाण्यात बुडालेले असताना ‘तू सुका हो’ असे त्याला सांगण्यात अर्थ नाही. आधी त्याला पाण्यातून बाहेर काढले पाहिजे.

दृष्टान्तातील तीन लाकडे या अर्थाने पाहिली तर आपला इतिहास पुष्कळसा उलगडतो. आपले पणजोबा पहिल्या लाकडाच्या अवस्थेत होते. विद्या बंद, पाणवठा बंद, सडकेवर बंदी. भारतीय संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले, त्याच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, शिक्षण व नोकऱ्यांत राखीव जागा आल्या. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या जात होत्या, ती त्रुटी दूर होण्यास १९९० साल उजाडले. पाणी सर्वत्र आटले असे कोणी म्हणू नये. अत्याचाराच्या बातम्या आजही येतात. तरीही लकडगंजच्या त्या मुलीपुरते पाहिले तर तिचे लाकूड बरेचसे जमिनीवर आलेले होते. महाविद्यालय गावात होते, कायदा तिच्या बाजूने होता, आईवडिलांची इच्छा होती. ओल होती ती आतली. आज आपल्या पुष्कळ घरांत दुसऱ्या प्रकारचे लाकूड आहे, आणि या अवस्थेविषयी आपण फार कमी बोलतो.

आतील ओल कशी सुकते? केवळ विचाराने नव्हे, असे आमचे निरीक्षण आहे. नागपूरच्याच एका उपेक्षित नावाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेड येथे झाला. तरुण वयात त्या नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहून नेण्याचे काम करीत. एका मिशनरी बाईने त्यांची शिक्षणाची आवड हेरली आणि त्यांना मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेचे काम मिळाले. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच उच्चवर्णीयांनी बहिष्कार टाकला आणि ती नोकरी गेली.

क्षणभर येथे थांबावे. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ हे वाक्य जाईबाईंना त्यांच्या मनाने सांगितले नव्हते. ते गावाने त्यांना तोंडावर सांगितले होते, पुराव्यानिशी, पगार बंद करून. अशा प्रसंगी माणूस खचला तर त्याला कोण दोष देईल? जाईबाई पुन्हा ओझ्यांकडे वळल्या असत्या तर इतिहासात त्यांची नोंदही झाली नसती. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. (चोखोबांचे नाव पाहून आजच्या वाचकाने नाक मुरडू नये. तो काळ तसा होता. त्यांच्या आधी मुलींच्या शिक्षणाचे काम नागपुरात सुरू करणारे किसन फागूजी बनसोडेही चोखोबांचेच नाव घेत.) ज्यांनी त्यांना शिक्षिका मानले नाही त्यांच्यापुढे आपली योग्यता सिद्ध करीत त्या बसल्या नाहीत. शिकवायचे होते, म्हणून शिकविण्याची जागा निर्माण केली. पुढे १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी अस्पृश्य महिलांना वेगळे बसविले गेले, तेव्हा त्याविरुद्ध महिलांची निषेधसभा झाली. आणि २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलित महिलांची जी परिषद भरली तिला हजारो स्त्रिया आल्या. ओझी वाहणाऱ्या बाईने काढलेल्या शाळेपासून या विराट परिषदेपर्यंत वीस वर्षांचे अंतर आहे. जाईबाईंनी आधी आत्मविश्वास मिळविला आणि मग शाळा काढली, असा क्रम आम्हांस दिसत नाही. शाळा चालविता चालविता ओल सुकली असावी.

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात एक ब्राह्मण तथागतांकडे येऊन म्हणतो की मनुष्य स्वतः काही करीत नाही, दुसराही कोणी काही करीत नाही, असे माझे मत आहे. तथागत त्याला विचारतात, स्वतःच्या पायांनी पुढे येणारा आणि स्वतःच्या पायांनी मागे जाणारा मनुष्य असे कसे म्हणू शकतो? मग ते आरम्भधातू, निक्कमधातू, परक्कमधातू अशी वीर्याची रूपे एकेक करून सांगतात. आरम्भ म्हणजे सुरुवात करणे, निक्कम म्हणजे जागचे हलणे, परक्कम म्हणजे पुढे रेटणे. ब्राह्मणाच्या मताचे खंडन त्याच्या चालण्यानेच झालेले होते. तथागतांनी फक्त त्याच्या पायांकडे बोट दाखविले.

स्वप्न हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. धम्माच्या परिभाषेत त्याला जवळचा शब्द छंद हा आहे, आणि तो तृष्णेहून वेगळा आहे. हा फरक भदन्त आनंदांनी कोसंबीच्या घोसिताराम विहारात उण्णाभ ब्राह्मणाला समजावून दिला. उण्णाभाची शंका योग्यच होती : इच्छा सोडण्यासाठीही इच्छाच करावी लागते, मग याला अंत कोठे? आनंदांनी त्याला विचारले, विहारात यावे असा छंद तुला घरी असताना होता ना? येथे पोहोचल्यावर तो शमला ना? छंद कामाला लावतो आणि काम झाले की शांत होतो. तृष्णा पोहोचूनही शमत नाही, आणि पुष्कळदा ती निघूच देत नाही. मोठेपणाचे चित्र पाहत बसण्यातच तिला गोडी वाटते. आपला तरुण वकिलीचे स्वप्न पाहतो तेव्हा त्याला काळा कोट दिसतो की अशिलाचे काम दिसते, यावरून ते स्वप्न कोणत्या जातीचे आहे हे ओळखता येईल. चार इद्धिपादांमध्ये छंदानंतर विरिय, चित्त आणि वीमंसा येतात. वीमंसा म्हणजे परीक्षण. केलेले काम तपासणे, चुकले तेथे दुरुस्त करणे. हिच्यावाचून उत्साह दोन महिन्यांत विझतो.

छंद, विरिय, चित्त आणि वीमंसा ही चारही एकत्र पाहावयाची असतील तर नागपूरकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे बाबासाहेबांनी घोषणा केली की हिंदू म्हणून आपण मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती पूर्ण झाली. मध्ये एकवीस वर्षे आहेत. आपण दोन्ही तारखा पाठ करतो आणि मधली वर्षे वगळतो. त्या वर्षांत अभ्यास आहे, शंका आहेत, राजकारणाची धामधूम आहे, शरीराचे आजार आहेत. १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय आहे, १९५० ची श्रीलंकेतील आणि १९५४ ची रंगूनमधील बौद्ध परिषद आहे, ४ मे १९५५ रोजी स्थापन झालेली भारतीय बौद्ध महासभा आहे. मे १९५६ मध्ये मुंबईच्या नरे पार्कवरील सभेत ऑक्टोबर महिना जाहीर झाला. स्वप्नाला तारीख मिळाली.

आणि तारखेनंतर जे काम असते ते नागपूरच्या कार्यकर्त्यांनी केले. वामनराव गोडबोले हे काही प्रसिद्ध पुढारी नव्हते. रेल्वेत नोकरी करणारा गृहस्थ, भारतीय बौद्ध जन समितीच्या नागपूर शाखेचा चिटणीस. सदानंद फुलझेले त्या वेळी नागपूरचे उपमहापौर होते. जागा शोधणे, परवानग्या मिळविणे, लाखो लोकांच्या पाण्याची तजवीज करणे, ही कामे अशा माणसांच्या अंगावर पडली. एवढे लोक कोठे बसतील, हा प्रश्न त्यांना पडला नसेल काय? ‘आपल्याने हे होईल का’ हेही मनात आले असेल. परंतु दिवस ठरलेला होता.

त्या दिवशी महास्थवीर चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांची रचना आम्हांस आमच्या विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते. पहिल्या आठ प्रतिज्ञांमध्ये प्रामुख्याने जुन्या दिट्ठींचा त्याग आहे. नवव्या प्रतिज्ञेत सर्व मनुष्ये समान आहेत ही नवी दृष्टी आहे. आणि तिच्या लगेच मागे, दहावीत, ती समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याचे वचन आहे. नववी ही सम्मादिट्ठी मानली तर दहावी हा सम्मावायाम आहे. दोहोंमध्ये श्वास घेण्याएवढेही अंतर ठेवलेले नाही. आपण धम्मचक्र प्रवर्तनदिनी या प्रतिज्ञा उच्चारतो तेव्हा नववीवर आवाज चढतो आणि दहावीवर पुष्कळदा तो सवयीने पुढे सरकतो. ‘सर्व मनुष्ये समान’ असे म्हणणारी व्यक्ती ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ असे म्हणते तेव्हा ती नववी प्रतिज्ञा स्वतःपुरती मोडीत असते. हे आम्ही त्या मुलीला वर्गात सांगितले. ती रडली, आणि आम्हांस वाटले की हे आपण फार कठोरपणे बोललो. आजही तसे वाटते.

पुढच्या रविवारी आम्ही संयुत्त निकायातील दारुक्खन्ध सुत्त वाचले. तेही लाकडाचेच. तथागत कोसंबी येथे गंगेच्या तीरावर असताना प्रवाहातून एक मोठा ओंडका वाहत चाललेला दिसला. हा ओंडका अलीकडच्या काठाला लागला नाही, पलीकडच्या काठाला लागला नाही, मध्ये बुडाला नाही, वाळूवर चढला नाही, माणसांनी वा अमनुष्यांनी पकडला नाही, भोवऱ्यात सापडला नाही आणि आतून कुजला नाही, तर तो समुद्राला पोहोचेल, असा त्यांच्या देशनेचा आशय. टालीवर काम करणारे उपासक या सुत्ताला फार दाद देतात, विशेषतः आतून कुजण्याच्या कलमाला. परंतु आम्हांस त्याचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. जवळ उभा असलेला नंद नावाचा गुराखी हे सर्व ऐकतो आणि तेथल्या तेथे प्रव्रज्या मागतो. तथागत त्याच्या उत्साहाचे कौतुक करीत नाहीत. ते म्हणतात की आधी गाई मालकांकडे परत पोहोचव. नंद म्हणतो, वासरांच्या ओढीने त्या आपोआप जातील. तथागत पुन्हा तेच सांगतात. नंद जातो, गाई पोचवितो, परत येतो, आणि मग त्याला प्रव्रज्या मिळते.

गाई पोचविणे म्हणजे आपल्या बाबतीत काय, असे विचारल्यावर वर्गातील एका निवृत्त लिपिकाने उत्तर दिले : जात वैधता प्रमाणपत्र. त्याचे बरोबर होते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागते, आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. कोतवाल पंजीची नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, असे काही. ते मुलीचे मन लागण्याचे काम नव्हे. कार्यालयाच्या खेपा घालण्याचे काम आहे. पुष्कळ स्वप्ने या टेबलापाशी संपतात आणि पुढे सांगितले जाते की मुलाला आवडच नव्हती.

मुलीचे कुटुंब मूळचे भंडारा जिल्ह्यातील एका गावचे. तिचे वडील दोन दिवसांची मजुरी बुडवून तिला घेऊन गेले. पहिल्या खेपेस शाळेत रजिस्टर सापडले नाही. दुसऱ्या खेपेस मुख्याध्यापकांनी कपाटाच्या खालच्या खणातून ते काढून दिले. त्यात १९४८ सालच्या नोंदीत तिच्या आजोबांचे नाव होते. इयत्ता पहिलीत प्रवेश. पुढे दोन वर्षांनी शाळा सोडल्याची नोंद. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘मजुरी’ असा एकच शब्द.

आमच्या घरात कोणी शिकलेले नाही, हे फळ्यावरचे पहिले वाक्य होते. उताऱ्याची प्रत तिने वर्गात आणली तेव्हा ते आपण होऊन खोडले गेले. कोणी काही बोलले नाही. तिच्या वडिलांना आपले वडील शाळेत गेले होते हे ठाऊकच नव्हते. त्यांनी ती प्रत दोनदा मागून घेतली, आणि त्यांना वाचता येत नसल्याने प्रत्येक वेळी मुलीकडून वाचून घेतली.

दुसऱ्या वाक्याविषयी, म्हणजे इंग्रजीविषयी, सध्या दर रविवारी वाचनानंतर एक तास दिला जातो. तेथे तिच्याबरोबर आणखी चार मुले-मुली बसतात. प्रगती मंद आहे. तिला मोठ्याने वाचायला अजूनही संकोच वाटतो. वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव पडताळणी समितीकडे सादर झाला आहे आणि प्रवेशपरीक्षेचा अर्ज तिने या वेळी मुदतीच्या चार दिवस आधी भरला आहे.